पारा उडालेला आरसा: शेडमधल्या नोंदी

३ नोव्हेंबर, सोमवार

परवा एक नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव, बेळगाव बंद. काल रविवार. आज शेड उघडायला आलो तर दारातच भंगारवाल्याचा टेम्पो उभा. लेथचा चुरा न्यायला तो दर पंधरवड्याला आमच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, फिरतो आणि जुनंपानं काही वेगळं हाती लागलं की फाउंड्रीत टाकायच्या आधी मला दाखवतो. याआधी एक शिवणयंत्राचं डोकं आणि तांब्याचा बंब घेतलाय त्याच्याकडून. दोन्हींवरून घरात अजून ऐकून घेतोय.

आज गोणपाटातून हे निघालं. "मामा, कशाचं हाय बघा की. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचा माळा मोकळा केला, त्यात गावलं." पितळेच्या भावानं तोलून घेतलं. आरशाचं वजन तरी सोड म्हटलं, सोडलं नाही.

टिपून ठेवतो. वजन १ किलो ६४० ग्रॅम. खाली डबीसारखं बैठं अंग, त्यात दात्यांचं चाक आणि चाकाला भिडलेला वर्म, म्हणजे चाक फिरवणारा आट्यांचा दांडा, बाहेर फिरवायला खरबरीत डोक्याचा स्क्रू. डबीच्या वर घोड्याच्या नालेसारखा हात. हाताच्या दोन टोकांत, समोरासमोरच्या दोन टोकदार स्क्रूंवर डुलणारी गोल ताटली आणि ताटलीत आरसा. ताटलीच्या मागं उभी दांडी, पूर्ण लांबी बारीक आट्यांची. दांडीचा तळ एका आडव्या पट्टीला जोडलेला, पट्टीखाली स्प्रिंग. पट्टी दाबली की ताटली किंचित मान हलवते आणि सोडली की परत जागेवर. सगळ्यावर काळा रंग, निम्मा उडालेला. आरसा कडेनं डागाळलाय आणि बरोबर मधोमध मसुराच्या दाण्याएवढा पारा उडालाय.

डबीच्या बुडाला आट्यांचं भोक. म्हणजे कशावर तरी बसवायची वस्तू.

४ नोव्हेंबर

दिवसभर काम कमी, तर्क जास्त. शेजारच्या शेडमधला म्हणाला दाढीचा आरसा, साहेब लोकांचा. दाढीच्या आरशाला वर्म गिअर कशाला लागतोय? पलीकडचा म्हणाला तोफेची दुर्बीण असंल, पोलीस केस होईल, देऊन टाक. आमच्या पोऱ्यानं तर हातच लावला नाही. "मामा, बॉम्ब न्हवं न्हवं?"

हसू आलं, पण पोऱ्याचं चूक नाही. लष्कराचं गाव हे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथंच, सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. अशा गावच्या भंगारात काहीही येऊ शकतं. माझा नियम साधा आहे: चहूबाजूंनी बंद, आकाराच्या मानानं जड, टोकाला आट्यांची टोपी असलेलं काही दिसलं तर हलवायचं नाही, घासायचं नाही, लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा. बेंच व्हाइसमध्ये धरून उघडून बघणारे हुशार असतात, ते एकदाच हुशारी करतात. ही वस्तू मात्र सगळीकडून उघडी, आरपार दिसणारी. हिच्यात कोंडलेलं काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत मापं. आरशाचा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे नेमका ५ इंच. डबीच्या बुडातल्या आट्यांना पिच गेज, म्हणजे आटे मोजायची पानं, लावला. ६० अंशांचं पान हलतंय, ५५ चं चपखल बसलं. ५५ म्हणजे व्हिटवर्थ, म्हणजे इंग्लंडची पद्धत. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, शेडपर्यंत तो पोचायला आणखी वर्षं गेली. माझ्या वडिलांच्या खोक्यात अजून व्हिटवर्थचे आटे पाडायचे टॅप पडलेत आणि जुन्या पंपांच्या दुरुस्तीला ते मी वापरतोसुद्धा. तेव्हा मालक इंग्रज किंवा इंग्रजी साच्यात शिकलेला. वस्तू जुनी. एवढं पक्कं.

वर्मचं काम बघण्यासारखं आहे. घासलेटमध्ये रात्रभर ठेवलं होतं, आज स्क्रू फिरवला तर लोण्यासारखा फिरला. डायल लावून बघितलं, मागंपुढं खेळ जवळजवळ नाही. इतकं नेमकं काम कुणी तोंड बघायला करत नाही. कुठल्या तरी लांबच्या जागेवर नेम धरायचा आणि तो हळूहळू सरकवत राहायचा, यासाठीच असं केलं जातं.

९ नोव्हेंबर, रविवार

घरी घेऊन गेलो, ही चूक. पितळ म्हटलं की आमच्या घरात चिंच-मीठ बाहेर येतं. बायको म्हणाली, "द्या इकडं, देवाच्या समईगत करून देते." कसंबसं वाचवलं.

दुपारी बहीण आणि दाजी आले. दाजी कंपाउंडर, सगळी हयात दवाखान्यात गेलेली. आरसा बघितल्या बघितल्या म्हणाले, "हे तर कानाच्या डॉक्टरचं. कपाळाला बांधतात बघ, मधी भोक असलेला आरसा." क्षणभर पटलंच. मधोमध बघायला जागा, गोल आरसा, सगळं जुळतंय. मग आरशात तोंड बघितलं. डॉक्टरचा तो आरसा खोलगट असतो, उजेड एका जागी गोळा करायला, त्यात तोंड मोठं दिसतं. ह्यात आहे तसं दिसलं, म्हणजे सपाट. शिवाय पावणेदोन किलोचा आरसा कपाळाला बांधणारा डॉक्टर स्वतःच पेशंट होईल. दाजींना हे बोललो नाही.

पण त्यांच्यामुळे एक गोष्ट नजरेत आली. ताटलीच्या पाठीलाही बारीक भोक आहे, आणि ते बरोबर त्या उडालेल्या पाऱ्याच्या मागं. मी हिशोब मांडला: त्या भोकातून वर्षानुवर्षं दमट हवा गेली, म्हणून तेवढाच पारा खाल्ला गेला. बेळगावचा पावसाळा, काय सांगावं. हिशोब इतका बरोबर वाटला की वहीत दोनदा खूण केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नुकसान झालं. मी बँकेत गेलो होतो, तेवढ्यात पोऱ्यानं कौतुकानं वस्तूच्या हाताची एक बाजू बफवर, चमकवायच्या चाकावर, धरली. दोन बोटं रुंदीचा पट्टा सोन्यासारखा चमकतोय आणि तिथं जे काही खोदलेलं होतं त्यातली दोन-तीन अक्षरं गेली. ओरडलो. मग वाटलं, सांगितलं कुणी होतं त्याला? शेडमध्ये येणारी प्रत्येक वस्तू चकचकीत होऊनच बाहेर जाते, तेच तर मी त्याला शिकवलंय.

उरलेल्या बाजूला मीच बसलो. मशीन नाही, ब्रासो नाही. घासलेट, जुना टूथब्रश आणि दात कोरायची काडी. तासाभरानं काळ्या रंगाखालून तीन रेघा वर आल्या, एका बिंदूतून निघालेल्या, कावळ्याच्या पायासारख्या. हा इंग्रज सरकारचा बाण. लष्कराच्या मालावर, बंदुकीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत, मारायचे. बाणाखाली एक उभी रेघ, म्हणजे इंग्रजी आय, इंडियाचा. लष्करी माल आहे, आता शंका नाही.

शंका गेली आणि काळजी आली. सरकारी माल घरात ठेवलाय की काय आपण?

१३ नोव्हेंबर

गावातल्या एका काचेच्या दुकानात आरसा देऊन आलो. ताटलीतून तो सोडवायला अर्धा तास गेला, मागची गोल रिंग आट्यांची होती. दुकानदार म्हणाला, "पारा परत लावायचं काम इथं कोण करत नाही. तेवढ्याच मापाची नवी काच कापून देतो, बिन डागाची. उद्या संध्याकाळी न्या." हो म्हणालो. जुनी काच तिथंच राहिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजची नोंद लांब होणार.

सकाळी आरसा नसलेला सांगाडाच पिशवीत घालून वडगावला सुभेदार काकांकडे गेलो. काका मराठा लाइट इन्फंट्रीतले, वय ऐंशीच्या पुढं, नोकरीतली पहिली वर्षं सिग्नल प्लाटूनमध्ये. कान गेलेत, डोळे शाबूत. ओसरीवर बसले होते. पिशवीतून काढून हातात दिलं. त्यांनी उलटसुलट केलं नाही की काही नाही. सरळ मांडीवर ठेवलं आणि उजव्या हाताची दोन बोटं त्या पट्टीवर गेली. टक, टक्‌, टक. बोटांना आधी कळलं.

"हेलिओ हाय की रे हे. हेलिओग्राफ. आमच्या स्टोअरमधी खोक्यात असायचा. उस्ताद एकदा काढून दाखवलेले. आम्ही दिव्यावर मोर्स शिकलो, ह्याच्यावर न्हाई. आरसा कुठाय ह्याचा?"

म्हटलं काचवाल्याकडे दिलाय, मधेच पारा उडाला होता.

"मधीच म्हंजे कुठं? बरोबर मधोमध?"

"हो."

"गोल?"

"हो काका, मसुराएवढा."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा रिक्रूट झालो. "उडालेला न्हवं रे बाबा. सोडलेला असतोय तो. त्या ठिपक्यावरच नेम असतोय. नवी काच घातलास तर तोंड बघ त्यात, दाढी कर."

सायकलवरचा पोरगासुद्धा मला मागं टाकून गेला नसता अशी गाडी हाणली. दुकान उघडं होतं. नवी काच कापून तयार, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आणि जुनी? दुकानदारानं कोपऱ्यात बोट केलं. फुटक्या काचांच्या डब्यावर ती आडवी ठेवलेली आणि तिच्यावर चहाचे दोन रिकामे ग्लास. डब्यात गेली नव्हती, इतकंच नशीब. नव्या काचेचेही पैसे दिले. ती आता बायकोकडे गेलीय. एवढ्या सगळ्या प्रकरणात घराला झालेला पहिला फायदा म्हणतेय.

रात्री वाचत बसलो. हेन्री मान्स नावाचा माणूस, इराणच्या आखातातल्या तारखात्यात, मुक्काम कराची. त्यानं १८६९ मध्ये हे यंत्र काढलं. तार टाकायला खांब नाहीत, वायर नाही. ऊन मात्र वाटेल तेवढं. आरशानं उन्हाची तिरीप लांबच्या डोंगरावर पाडायची आणि पट्टी दाबून तिरीप आणायची-न्यायची. थोडा वेळ आणली तर ठिपका, जास्त वेळ आणली तर रेघ. झाला मोर्स. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात इंग्रजी फौजेनं डोंगराडोंगरांवर हे वापरलं. मधेच कुणाला चोरून ऐकायचं म्हटलं तर त्या तिरिपेच्या वाटेत उभं राहावं लागतं. अमेरिकेत १८९४ साली दोन शिखरांवरून मोठ्या आरशांनी २९५ किलोमीटरवर निरोप गेला. अमेरिकन यंत्रात आरसा स्थिर आणि पुढं झडप उघड-बंद. मान्सच्या यंत्रात आरसाच मान हलवतो. आमची स्प्रिंगची पट्टी ती हीच.

आणि ५ इंच. इंग्रजी लष्कराचा नेहमीचा हेलिओ ५ इंच आरशाचाच.

वहीत ९ तारखेच्या हिशोबावरच्या दोन्ही खुणा खोडल्या. पान फाडलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आरसा परत बसवला. आता ठिपक्याचं काम समजून घ्यायला छतावर गेलो.

गंमत अशी आहे. आरशावर ऊन पडलं की सगळा आरसा उजेड परत फेकतो, ठिपका सोडून. म्हणजे फेकलेल्या उजेडाच्या बरोबर मधोमध एक सावलीचा दाणा. आरशाच्या पुढं हातभर अंतरावर एक खूण उभी करायची. आधी समोरून एक डोळा मिटून आरशात बघायचं, लांबचा डोंगर ठिपक्याच्या मागं येईपर्यंत डोकं हलवायचं, आणि डोकं तसंच ठेवून ती खूणही त्याच रेषेत आणायची. ठिपका, खूण, डोंगर एका सुतात. मग मागं येऊन, पट्टी दाबून धरून, स्क्रू फिरवत सावलीचा दाणा खुणेवर पाडायचा. दाणा खुणेवर बसला की तिरीप डोंगरावर गेलीच. डोंगरावर ती पोचली का, हे इथून दिसत नाही. दाणा तेवढं सांगतो. ठिपका भरला असता तर मी आंधळाच.

खुणेची मूळ दांडी हरवलीय. डबीला तिची खाच आहे. तिथं पट्टी बसवून पुढं अॅल्युमिनियमची पांढरी चकती लावली, मधे पेन्सिलीनं फुली.

पट्टी दाबून टाकीच्या भिंतीवर, दहा मीटरवर, तिरीप पाडली आणि पट्टी सोडली. उजेड एक वीतभर खाली सरकला. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून तिरीपही तेवढीच पसरते. दहा मीटरवर अर्धा अंश म्हणजे जेमतेम चार-पाच बोटं. वीतभर सरकलं की समोरच्याच्या दृष्टीनं दिवा गेला. पट्टीचा सगळा प्रवास चार मिलिमीटर आहे. ज्यानं हे बसवलं त्याला नमस्कार.

२० नोव्हेंबर

बुडाच्या व्हिटवर्थ आट्यांना जुळणारा जोड लेथवर केला, दुसऱ्या टोकाला फोटोवाल्याच्या स्टँडचे आटे. पहिला जोड कचऱ्यात गेला, सवयीनं मेट्रिक गिअर लावून बसलो होतो. दुसरा बसला.

रात्री पुन्हा घासलेट आणि काडी. हाताच्या आतल्या बाजूला, जिथं पोऱ्याचा बफ पोचला नव्हता, दुसरी खूण सापडली. दोन बाण, समोरासमोर, टोकाला टोक लावून, दोन कावळे चोचीला चोच लावून बसल्यासारखे. ही खूण सरकारी माल सरकारनंच विकून टाकल्याची. रीतसर निकाली काढलेला. कधी, कुणी, किती आण्याला घेतला कळायला वाव नाही, पण चोरीचा नाही. पलीकडच्या शेडवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मग तोफेचाच."

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिला प्रयोग. फसला.

जागा राजहंसगड, आमच्या छतावरून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. डोळ्यांना दिसतो. वर शिवाजी महाराजांचा पुतळा, त्याचं अनावरण २०२३ च्या मार्चमध्ये दोनदा झालं, म्हणून जागा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मला गडावरून पाठवायची हौस होती. नकाशा उघडल्यावर गेली. गड आमच्या दक्षिणेला. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे गडावरून आमच्याकडे तोंड केलं की ऊन पाठीवर येतं. त्यासाठी दुसरा आरसा लागतो, पूर्वी जोडीनं मिळायचा, माझ्याकडे नाही. छतावरून गडाकडे बघताना मात्र ऊन समोरूनच. तेव्हा मी छतावर आणि भाचा गडावर.

सकाळी आठला गडच दिसेना. धुकं, त्यात पाचट जाळल्याचा धूर. उसाचा हंगाम सुरू झालाय. नऊला बाह्यरेघ दिसली. साडेनऊला तिरीप टाकली. भाचा फोनवर: "मामा, काय दिसंना." दाणा फुलीवर आहे की नाही बघायला वाकलो की माझीच सावली आरशावर. ती चूक सुधारली तोवर स्टँडचा पाय सरकला. साडेदहापर्यंत हेच. भाचा वर मिसळ खाऊन खाली आला.

खरी चूक संध्याकाळी कळली. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, चार मिनिटांत एक. तिरिपेची रुंदी अर्धा अंश. मी एकदा जुळवून फोनवर बोलत बसायचो, दोन-तीन मिनिटांत तिरीप येळ्ळूरच्या कुणाच्या तरी शेतात. वर्मचा स्क्रू त्यासाठीच आहे. तो थांबूच द्यायचा नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सुभेदार काकांना खुर्चीवर बसवून दोघांनी जिन्यानं वर आणलं. काम वाटून घेतलं. माझे दोन्ही हात दोन स्क्रूंवर, डोळा फक्त दाण्यावर. पट्टी काकांची. भाचा गडावर, मोबाइल दगडावर टेकवून व्हिडिओ चालू. रात्री पाऊस शिंपडून गेला होता, हवा धुतलेली.

दहा वाजून पाच मिनिटं. काकांनी पट्टी दाबली, दाणा फुलीवर आला. त्यांनी ती तशीच दाबून धरली.

फोन आला. "मामा! दिसलं! दिसलं ओ! खरं डोळ्यात येऊलंय, वेल्डिंगगत!"

सात किलोमीटरवर तिरीप साधारण पासष्ट मीटर रुंद होते. भाच्याच्या आजूबाजूचे पर्यटकही उठून बघायला लागले म्हणे, कोण आरसा मारतंय म्हणून. एकानं शिवी दिली.

मग काकांनी मला गप्प बसायला खूण केली आणि पट्टीवर काहीतरी वाजवलं. काय ते सांगितलं नाही. चेहरा सरळ, बोटं मात्र त्यांचीच, ऐंशीच्या मानानं फारच तरुण. मी विचारलं तर म्हणाले, "व्हिडिओ हाय न्हवं? वाच की." लगेच मुलगा न्यायला आला, बारसं होतं कुठंतरी, गेले.

रात्री नऊ

भाच्याचा व्हिडिओ हळू करून, बाजूला मोर्सचा तक्ता घेऊन बसलो. अक्षरं इंग्रजी. लांब, तोकडा, लांब, तोकडा: सी. चार तोकडे: एच. तोकडा, लांब: ए. परत चार तोकडे: एच. मग एक तोकडा आणि पुढं नुसता डोंगर. लांब यायला हवा होता, तो आला नाही. त्या क्षणी मी काकांच्या बोटांकडे बघत होतो. स्क्रू थांबला होता, सूर्य नव्हता थांबला.

तरी वाचता आलं. चहा. आणि काका तसेच गेले होते, आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं.